किडीने जुळवलेली नऊ पानं

माझ्या धाकट्या दिराला सगळी गल्ली डिंक्या म्हणायची. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं की दीर कितीही लहान असला तरी त्याला अहो-जाहोच करायचं. त्यामुळे "भावजी, नाक पुसा" असं म्हणत मी त्याला मोठं केलं. तोंडावर आजही मी त्याला भावजीच म्हणते. इथे लिहिताना मात्र मी त्याला 'तो'च म्हणणार आहे, नाहीतर इतक्या अहो-जाहोने माझा हात दुखेल.

घरात काही फुटलं-तुटलं की हा डिंकाची बाटली घेऊन हजर. कपाचा कान, खेळण्याचं चाक, सासऱ्यांच्या चष्म्याची काडी. एकदा मी माहेरी पत्र लिहायला घेतलं. त्यात सासूबाईंबद्दल मनातलं सगळं उतरवलं, मग घाबरले आणि फाडून केराच्या टोपलीत टाकलं. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने तुकड्याला तुकडा जुळवून, मागून कागद लावून, ते पत्र माझ्या हातात आणून दिलं. नशीब माझं, सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्याला येत होतं. पण त्यात काय होतं याबद्दल तो आजतागायत चकार शब्द बोललेला नाही.

शाळेत त्याचं डोकं चाललं नाही. माझंही तिसरीपुढे गेलं नव्हतं, त्यामुळे मी त्याला कधी बोल लावला नाही. एकोणिसाव्या वर्षी आमच्या ह्यांनी खटपट करून त्याला मोठ्या ग्रंथालयात लावून दिलं. तिथे तळघरात बाइंडिंगची खोली होती. लांब टेबल, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, सुया, दोरे आणि खळ शिजवायचं पातेलं. तिथला म्हातारा बाइंडर याचा गुरू. त्या खोलीत नवी पुस्तकं तर यायचीच, पण याचा जीव जडला तो जुन्या बाडांवर. शेकडो वर्षांपूर्वी हाताने लिहिलेली ती बाडं, त्यांची लिपी चार-दोन विद्वान सोडले तर आता कुणाला लागत नाही. डिंक्यालाही लागत नव्हती. पण कागद त्याला कळायचा. कुठलं पान किती वर्षं उजेडात होतं, कुठल्याला ओल लागली होती, हे तो बोट फिरवून सांगायचा.

आणि एक विद्या त्याने म्हाताऱ्याकडून घेतली होती. जुन्या बाडांच्या पानांवरचे आकडे पुष्कळदा झिजून गेलेले असतात. पानं सुटी झाली तर ओळीने लावायची कशी? तर किडीवरून. कीड वरून शिरली की पान पान सरळ खाली खात जाते. म्हणजे प्रत्येक पानाला साधारण त्याच जागी भोक पडतं, पण खाली जाता जाता ते किंचित सरकतं, कुठे बारीक होतं, कुठे मोठं. भोकाला भोक जुळवत गेलं की पानं ओळीने लागतात. अक्षर न वाचता.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी वरच्या मजल्यावरचा नळाचा पाइप फुटला आणि जुन्या बाडांचं एक कपाट भिजलं. पानं सुटून लगदा व्हायच्या बेतात. म्हातारा बाइंडर तेव्हा आजारी होता. डिंक्याने एकट्याने ती पानं दोऱ्यांवर वाळवली, भोकं जुळवून ओळीने लावली, आतल्या कडेला पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि सगळं शिवून काढलं. दीड महिना लागला. त्यातलं एक बाड इतकं देखणं झालं की ग्रंथालयाच्या साहेबांनी ते काचेच्या पेटीत ठेवलं. कुणी पाहुणा आला की ते दाखवायचे, आणि खाली तळघरात निरोप जायचा की तुझं बाड आज पुन्हा बघितलं बरं का. एकोणतीस वर्षं तो त्यावर खूश होता.

लग्नाचं मात्र जुळलं नाही. मी काही कमी खटपट केली नाही. मुलींचे फोटो आणून त्याच्यापुढे ठेवायचे. तो फोटो उलटा करायचा, मागचा पुठ्ठा बघायचा आणि म्हणायचा, हा चिकटवलाय चुकीचा, दोन वर्षांत पिवळा पडेल. अशा माणसाला कोण मुलगी देणार आणि तो कुठली पसंत करणार. चाळिशी उलटल्यावर मी नाद सोडला. आमच्याकडेच जेवायचा, माझ्या मुलांचे कपडे इस्त्री करायचा, आणि संध्याकाळी भाजी निवडायला माझ्यासमोर बसायचा.

तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता तेव्हा ग्रंथालयात बाई आल्या.

बाई म्हणजे कॉलेजात शिकवणाऱ्या बाई. पंचेचाळिशीच्या, दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या. आईचं आजारपण काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. जुन्या काळच्या कथा-काव्यांत प्रेम कसं येतं आणि कष्ट कसे येतात, यावर त्या मोठं पुस्तक लिहीत होत्या. बाडं नाजूक, म्हणून ती उघडून द्यायला, पान उलटायला डिंक्याला वर बोलावत. आठवड्यात तीन दिवस.

मला पहिल्यांदा संशय आला तो दाढीवरून. एरवी दोन दिवसांआड करणारा माणूस रोज गुळगुळीत होऊन जायला लागला. मी म्हटलं, "भावजी, कागदांना दाढी टोचते वाटतं हल्ली?" तर हा शेंगा सोलता सोलता लाल झाला.

मग रोज संध्याकाळी बाईंच्या गोष्टी माझ्या स्वयंपाकघरात यायला लागल्या. एक राजपुत्र म्हणे राजकन्येला भेटता यावं म्हणून तिच्या बागेत वर्षभर माळी होऊन राहिला. बाईंच्या मते हे प्रेमापायी केलेले कष्ट. मी विचारलं, झाडं जगली का त्याची? डिंक्याला काही माहीत नव्हतं. त्याने दुसऱ्या दिवशी जाऊन बाईंना विचारलं. बाई खूप हसल्या आणि मग त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. निरोप आला, की वहिनींना सांगा, राजकन्या भेटल्यावर बागेचा पुढे उल्लेखच नाही. मी म्हटलं, वाटलंच मला. दुसरी एक विरहाने झुरणारी नायिका होती, सहा महिने नुसती पलंगावर. मी विचारलं, मग त्या घरात पाणी कोण भरत होतं? तेही लिहून घेतलं म्हणे. असं आमचं दोघींचं बोलणं वर्षभर चाललं होतं, एकमेकींचं तोंड न बघता. आणि निरोप्या मधल्या मध्ये सुखात होता.

बाईंना हवं ते सापडलं डिंक्याच्या त्याच काचेच्या पेटीतल्या बाडात. गोष्ट अशी की एका तरुणाला राजाने लांब लढाईवर धाडलंय आणि त्याची सखी वाट बघतेय. सगळ्या कवितांत असतं तसं तिचं रडणं झुरणं आहे. आणि मग मध्येच नऊ पानं वेगळीच. त्यांत कुणीतरी एका बाईला सांगतंय, की आता सूत भिजत घाल, मुळी कुटून घे, पाणी कोमट होऊ दे, सात वेळा बुडव, सावलीत वाळव. नऊ पानं सूत रंगवायचं काम, आणि दहाव्या पानावर पुन्हा वाट बघणं. बाईंनी त्याचा अर्थ लावला तो असा की कवीने तिला पलंगावर झुरत ठेवलीच नाही. मैत्रीण तिला कामाला लावतेय आणि प्रियकर येईपर्यंत ती त्याच्यासाठी कापड रंगवतेय. प्रेम आणि कष्ट एका दावणीला. असं त्या काळी दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही, म्हणाल्या. ऐकून मलाच भरून आलं. निदान एका तरी कवीला अक्कल होती.

बाईंच्या अख्ख्या पुस्तकाचा कणा म्हणजे ती नऊ पानं. विद्वानांच्या मोठ्या सभेत त्या त्यावर बोलणार होत्या आणि पडद्यावर त्या पानांचे फोटो दाखवणार होत्या. शिवणीत दबलेली अक्षरं फोटोत येईनात, म्हणून शिवण उसवायचं ठरलं. ज्याने शिवलं होतं त्यानेच उसवायचं.

त्या दिवशी तो दुपारीच घरी आला. मी कपडे घडी करत होते. तो खुर्चीत बसला आणि समोरचा टॉवेल उचलून घडी घालू लागला. एकच टॉवेल चार वेळा. मी विचारलं, काय झालं. मग त्याने सांगितलं.

शिवण उसवल्यावर त्याने आपणच तरुणपणी चिकटवलेल्या त्या पट्ट्या ओल्या करून काढल्या. पट्टीखाली पानांच्या आतल्या कडेला सुईची भोकं असतात, पहिल्यांदा बाड शिवलं गेलं तेव्हाची. तरुणपणी त्याचं सगळं लक्ष किडीच्या भोकांवर, ही त्याने मोजलीच नव्हती. बाकी सगळ्या पानांना तीन भोकं होती. नऊ पानांना चार. म्हणजे ती नऊ पानं मुळात दुसऱ्याच बाडातली. पाइप फुटून भिजलेल्या त्या कपाटात ही दोन बाडं एकावर एक ठेवलेली होती. किडीला काय, ती एका बाडातून निघून सरळ खालच्या बाडात शिरलेली, आणि तिथे सरकत सरकत पुन्हा वरच्या बाडाच्या मधल्या पानांवर होती त्याच जागी आलेली. दोन्ही एकाच लेखनिकाने उतरवलेली, कागद तोच, अक्षर तेच, दोन्ही पद्यात. त्या काळी रंगाची कृतीसुद्धा कवितेत लिहीत म्हणे. खालच्या बाडाची उरलेली पानं पाण्यात गेली होती, वाचली ती एवढीच. एकोणीस वर्षांच्या पोराने भोकाला भोक जुळवलं आणि रंगाऱ्याची कृती विरहिणीच्या गोष्टीत शिवून टाकली.

"आणखी कुणी बघितलंय?" मी विचारलं.

"कुणी नाही. पट्ट्या लावल्या की पुन्हा दिसायचंही नाही."

मी खरं काय ते लिहिणार आहे. मी त्याला म्हटलं, लावा मग पट्ट्या. बाईंचं पुस्तक छापायला निघालंय, तुमचं बाड काचेच्या पेटीत आहे, त्या कवीला मेल्याला शेकडो वर्षं झालीत. कुणाचं वाईट होणार आहे? आणि मनात जे होतं तेही बोलले, की सांगितलंत तर बाई उठून जातील आणि पुन्हा तुमचं तोंड बघणार नाहीत. या वयात दुसरी बाई कुठली येतेय तळघरात.

त्याने टॉवेल बाजूला ठेवला. मग म्हणाला, "वहिनी, त्या तिथे उभ्या राहून ते पान दाखवतील. सगळे माना डोलवतील. आणि मी खाली बसून सुईची भोकं मोजत असेन. मग रोज संध्याकाळी इथे येऊन तुला काय सांगू?"

मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना सांगितलं. मला कळलं ते त्याने तुटक तुटक सांगितलं तेवढंच. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून भिंग लावून स्वतः भोकं मोजली. नऊही पानांची. मग कागद गोळा केले, पेनाला टोपण लावलं आणि निघून गेल्या. त्यानंतर हा साहेबांकडे गेला आणि तिथेही आपण होऊन सांगितलं. साहेबांनी लेखी ठपका दिला आणि काचेची पेटी रिकामी केली.

सतरा दिवस बाई ग्रंथालयात आल्या नाहीत. डिंक्या दाढी रोज करत होता, ते बघवत नव्हतं. घरी यायचा, भाजी निवडायचा, पण आता स्वयंपाकघरात सांगायला गोष्टच नव्हती. एकदा मीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की त्या राजपुत्राचं पुढे काय झालं, तर म्हणाला, कुठल्या. मला स्वतःच्या जिभेचा राग आला. मी सांगितलं होतं तसं त्याने केलं असतं तर आज बाई आल्या असत्या, असंही वाटायचं, आणि मग तसं वाटल्याची लाज वाटायची.

अठराव्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. दारात उंच, किडकिडीत बाई, काखेत कागदांचा गठ्ठा. मी कधी पाहिलं नव्हतं तरी ओळखलं. त्यांनीही मला ओळखलं असावं. म्हणाल्या, "तुम्हीच ना, पाणी कोण भरत होतं विचारणाऱ्या?" मी त्यांना आत घेतलं. डिंक्या आतल्या खोलीत माझ्या नातवाच्या पुस्तकाला कव्हर घालत होता. बाहेर आला तो हाताला खळ, आणि तशाच हाताने त्याने केस सारखे केले.

बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच बोलल्या. पहिले तीन दिवस त्या म्हणे त्याच्यावर चिडल्या होत्या. मग आठवडाभर किडीवर. त्यानंतर त्यांनी वहीत उतरवून घेतलेली ती नऊ पानं पुन्हा काढून वाचली.

"सात वेळा बुडव म्हणून लिहिलंय, आणि पुढे परत, सहा वेळा बुडवलंस तर रंग धुण्यात जाईल," त्या म्हणाल्या. "वाट बघणारीला असं कोण सांगतं? मला पहिल्यांदा वाचतानाच ते खटकलं होतं. पण मला ते तसंच हवं होतं, म्हणून मी पुढे गेले. तुम्ही अक्षर न वाचता चुकलात. मी वाचून चुकले."

डिंक्याने मान खाली घातली. मला वाटलं, झालं, आता त्या जाणार. पण बाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या की सभा त्यांनी रद्द केलेली नाही. विषय बदललाय. पान कसं चुकीच्या गोष्टीत गेलं यावरच त्या बोलणार आहेत आणि भोकांचं सगळं त्याने स्वतः येऊन सांगायचंय. हा म्हणाला, मी सभेत कधी बोललो नाही. बाई म्हणाल्या, मी सभेत कधी माझी चूक सांगितली नाही. दोघं जाऊ.

सभेला मी गेले होते, ह्यांचा कोट डिंक्याला घालून. खांद्यात ढगळ होत होता. बाई बोलल्या ते मला निम्मं कळलं. मग हा उभा राहिला. चार वाक्यं बोलला, तीही टेबलाकडे बघत. पहिल्या रांगेतल्या एका जाड्या विद्वानाने विचारलं, की तुम्हाला लिपी येत नाही तर तुम्ही हे इतक्या खात्रीने कसं सांगता. डिंक्याने तेव्हा मान वर केली. म्हणाला, "सुई कुठून गेली ते दिसतं, साहेब. ते वाचावं लागत नाही." मागे कुणीतरी हसलं, पण चांगलं हसलं. जाडे विद्वान खाली बसले आणि नंतर चहाच्या वेळी पान हातात घेऊन उजेडात धरून बघत होते.

बाईंचं पुस्तक तीन वर्षांनी आलं आणि निम्म्याहून बारीक झालं. विरहिणी परत पलंगावर गेली, त्याला इलाज नाही. पण त्या नऊ पानांना बाईंनी स्वतंत्र प्रकरण दिलं. रंगारी बोलतोय एवढं नक्की. ऐकणारी बाई कोण यावर माझा आणि त्यांचा अजून वाद आहे. त्या म्हणतात, मुलगी असेल, बायको असेल, शिकाऊ असेल, पुरावा नाही. एकदा तोंड पोळल्यापासून त्या पुराव्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. मी म्हणते, बायकोच. एकच गोष्ट तीन वेळा सांगतो म्हणजे नवरा असणार, यात विद्वानांना विचारायचंय काय.

त्यांचं कसं जुळलं ते मला धड माहीत नाही. सभेनंतर बाई तळघरात जाऊन पट्ट्या लावायला शिकू लागल्या. जुन्या बाडांवर काम करायचं तर हात खराब झाले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. याने लिपी शिकावी म्हणून त्यांनी आमच्या जेवायच्या टेबलावर वर्षभर प्रयत्न केला आणि हात टेकले. मी एकदा स्पष्टच विचारलं, की भावजी, तुम्ही त्यांना विचारलंत तरी कधी?

तो म्हणाला, "मी कुठे विचारलं? त्याच म्हणाल्या की आता रोज कुणाकडे जेवायचं ते एकदा ठरवू या."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, वहिनीला विचारतो."

असला माणूस. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी जेवण कुठे करायचं याची परवानगी घ्यायला माझ्यासमोर उभा. मी म्हटलं, माझ्याकडून सुटी आहे, पण रविवारी दोघांनी यायचं.

सरकारी कचेरीत सह्या करायला गेलो तेव्हा साक्षीदार म्हणून मी. माझी सही व्हायला वेळ लागतो, एकेक अक्षर उभं करावं लागतं. मागे रांग होती, कारकून घड्याळ बघत होता. डिंक्याने माझ्या हाताखालचा कागद दोन बोटांनी सरळ धरून ठेवला, तो सरकू नये म्हणून, शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत.